‘सूपशास्त्र’ म्हणजे कशाचे शास्त्र?

प्रश्न : आमची आजी पाककृतींच्या कोणत्याही पुस्तकाला ‘सूपशास्त्र’ म्हणत असे. यातील ‘सूप’ म्हणजे पोर्तुगीज अमदानीत गोव्यात आलेले ‘सोपा’, की धान्य पाखडण्याचे सूप? — एक वाचक, फोंडा

उत्तर : दोन्ही नव्हे. ‘सूप’ हा जुना संस्कृत शब्द असून त्याचा अर्थ शिजवलेल्या डाळीचे कालवण, म्हणजे आपले वरण, असा आहे. ते रांधणारा तो ‘सूपकार’. पण भाताबरोबर रोज लागणारा हा पदार्थ इतका मुख्य की पुढे कोणत्याही स्वयंपाक्याला सूपकार म्हणू लागले आणि त्याच्या विद्येला ‘सूपशास्त्र’ हे नाव मिळाले. अमरकोशात ‘सूपकार’ आणि ‘बल्लव’ हे समानार्थी शब्द दिले आहेत. अज्ञातवासात विराटाच्या पाकशाळेत राहताना भीमाने बल्लव हेच नाव घेतले होते, आणि निष्णात स्वयंपाक्याला आपण आजही ‘बल्लवाचार्य’ म्हणतो. मिष्टान्नावरून नव्हे तर साध्या वरणावरून साऱ्या पाकविद्येला नाव मिळावे, हे मला फार मोलाचे वाटते. गोव्यातील अनेक घरांत पातळ डाळीला ‘तोय’ म्हणतात, तो शब्दही संस्कृतच असून त्याचा मूळ अर्थ पाणी असा आहे.

आजींच्या तोंडी हा शब्द छापील पुस्तकांतून आला असणे सहज शक्य आहे, कारण रामचंद्र सखाराम गुप्ते यांनी १८७५ साली प्रसिद्ध केलेल्या मराठी पाकग्रंथाचे नावच ‘सूपशास्त्र’ होते.

पाखडण्याचे सूप मात्र संस्कृत ‘शूर्प’ या शब्दापासून आले. शूर्पणखेच्या नावात दिसते ते हेच सूप. पोर्तुगीज ‘सोपा’ आणि इंग्रजांकडून आलेले ‘सूप’ हे एकमेकांचे सख्खे असून त्यांचे मूळ रश्शात भिजवलेल्या पावाच्या तुकड्याला दिलेल्या नावात आहे, तेव्हा पोर्तुगीज येण्यापूर्वी कित्येक शतके रूढ असलेला आपला ‘सूप’ त्यांच्याकडून घेतलेला असणे संभवत नाही.

आज प्रचारात असलेला ‘पाककृती’ हा शब्द ‘पच्’ म्हणजे शिजणे, पिकणे या धातूवरून आला आहे. ‘पक्वान्न’, ‘पचन’ आणि आंब्याचे ‘पिकणे’ ही त्याच धातूची लेकरे, आणि लाडवांसाठी साखरेचा करतो तो पाकही त्यांचाच भाऊ.