त्सुनामी: लाट समुद्रातली, नाव बंदराचं

प्रश्न असा: जपानीत 'त्सु' म्हणजे बंदर आणि 'नामी' म्हणजे लाट. पण ही लाट जन्मते भर समुद्रात, मग तिच्या नावात बंदर कुठून आलं? त्यापेक्षा 'भरतीची लाट' का म्हणू नये?

बंदर नावात आलं, कारण ती दिसते तिथेच. १५ जून १८९६ च्या रात्री जपानच्या सानरिकू किनाऱ्यावर त्सुनामी आली, तेव्हा मासेमारीला गेलेल्यांना समुद्रात काही जाणवलंच नाही. परतताना पाण्यावर घरांचे अवशेष आणि प्रेतं तरंगताना दिसली. सुमारे २२,००० माणसं गेली होती.

चार किलोमीटर खोल पाण्यात ही लाट ताशी ७०० किलोमीटरने धावते. इथे क्रियापद जपून वाचायचं: धावते ती लाट, पाणी नव्हे. पाणी जागच्या जागी सेकंदाला काही सेंटिमीटर सरकतं, एवढंच. २००४ च्या त्सुनामीची खुल्या हिंदी महासागरातली उंची उपग्रहाने सुमारे दोन तासांनी टिपली, ती साधारण ६० सेंटिमीटर. दोन माथ्यांमधलं अंतर शेकडो किलोमीटर. एवढं वर जायला जहाजाला दहा-पंधरा मिनिटं मिळतात. टेबलावरच्या पेल्यातलं पाणीसुद्धा हिंदकळत नाही.

पाणबुडीची गंमत वेगळी. वाऱ्याने उठलेल्या लाटा खाली विरत जातात, म्हणून वादळात पाणबुडी बुडी मारून सुटते. त्सुनामी मात्र पृष्ठभागापासून तळापर्यंतचं सगळं पाणी हलवते, तेव्हा खाली जाऊन सुटका नाही. पण सुटायचं तरी कशापासून? त्या संथ सरकण्याने पाणबुडीचं काही बिघडत नाही. (मूळ भूकंपाचा हादरा जहाजाला पाण्यातून बसू शकतो, पण ती त्सुनामी नव्हे.) धोका उथळ पाण्यात. तिथे लाटेचा वेग घटतो, उंची वाढते. म्हणूनच इशारा वेळेत मिळाला तर जहाजं बंदर सोडून खोल पाण्याकडे निघतात.

'भरतीची लाट' हे इंग्रजीतल्या एका जुन्या चुकीचं इमानदार भाषांतर. भरती चंद्र-सूर्याच्या ओढीने येते, त्सुनामीशी तिचं नातं नाही. 'उधाण'ही त्याच कारणाने बाद. त्सुनामीच ठेवावं.

आणि 'सुनामी' की 'त्सुनामी'? आपल्याला 'त्सु' अवघड जायचं कारण नाही. 'चूल' म्हणताना जो च उच्चारतो, जवळजवळ तोच तो. 'चिमटा'तला नव्हे.