'फ्रान्चेस्को' या इटालियन नावाचा अर्थ काय आणि ते आलं कुठून?

फ्रान्चेस्को म्हणजे 'फ्रँक लोकांपैकी', पुढे 'फ्रेंच'. हे नाव लॅटिनमधल्या 'फ्रान्सिस्कस'वरून आलं. फ्रँक ही जर्मानिक टोळी, फ्रान्सचं नावही तिच्यावरूनच पडलं. पण इटलीत हे नाव घरोघरी पोचलं ते आसिसीच्या संत फ्रान्सिसमुळे. त्याची गोष्ट फार गोड आहे: 1181-82च्या सुमारास तो जन्मला तेव्हा वडील, कापडाचे व्यापारी पिएत्रो दि बेर्नार्दोने, व्यापारासाठी फ्रान्सला गेले होते असं त्याची जुनी चरित्रं सांगतात. आईने बाप्तिस्म्याला नाव ठेवलं जोव्हान्नी. वडील परतले आणि त्यांनी मुलाला फ्रान्चेस्को म्हणायला सुरुवात केली, म्हणजे जवळजवळ 'आमचा फ्रेंच'! त्याआधीही हे नाव होतं, पण दुर्मिळ. 1228मध्ये त्याला संतपद मिळालं आणि मग ते झपाट्याने पसरलं.

बाळांच्या नावांच्या याद्यांमध्ये याचा अर्थ सर्रास 'स्वतंत्र' असा देतात. तो पूर्ण चूक नाही, पण नंतरचा आहे. फ्रँकांच्या राज्यात पूर्ण स्वातंत्र्य त्यांनाच होतं, म्हणून 'फ्रँक' शब्दाला तो अर्थ चिकटला. संताला नाव मिळालं ते मात्र फ्रान्सवरून.

उच्चार 'फ्रान्सेस्को' नाही. इटालियनमध्ये e या अक्षरापूर्वीच्या c-चा 'च' होतो. लाडाने चेक्को, दक्षिणेत चिच्चो. मुलीचं नाव फ्रान्चेस्का. आपल्या गोव्यातला फ्रान्सिस्क हा याच नावाचा पोर्तुगीज वाटेने आलेला भाऊ.