दार लावून बसलेले शिष्य

"मॅडम, मला भीती वाटते म्हणजे माझा विश्वास कमी पडला काय?"

समुपदेशन करताना बेळगाव-खानापूर भागातल्या ख्रिस्ती कुटुंबांकडून हा प्रश्न मी बऱ्याचदा ऐकलाय. 2021च्या डिसेंबरात धर्मांतरविरोधी विधेयक इथेच, बेळगावच्या सुवर्णसौधातल्या अधिवेशनात, कर्नाटक विधानसभेत मंजूर झालं, तेव्हापासून जरा जास्तच. त्यातल्याच एका ताईंबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

खानापूर तालुक्यातलं गाव, कौलारू घर. दर गुरुवारी संध्याकाळी सोप्यात सात-आठ जण जमायचे, पेटीवर दोन भजनं, वाचन, प्रार्थना, चहा. एका गुरुवारी मोटरसायकलींवरून काही पोरं आली. आरडाओरडा केला, मोबाइलवर सगळ्यांचे चेहरे टिपले, 'परत जमलात तर बघून घेऊ' म्हणाली आणि गेली. मारहाण झाली नाही. दहा मिनिटांचा प्रकार. पण त्यानंतर दोन महिने ताईंना झोप नव्हती. "कडी लावली तरी परत उठून बघतो मी. तीन-तीनदा बघतो." (आमच्याकडे बायकाही 'बघतो', 'जातो'च म्हणतात.) गाडीचा आवाज आला की हातातलं भांडं सुटायचं. गुरुवार बंद पडला होता.

याहून जास्त त्रास आपल्याच माणसांचा. चर्चच्या मंडळीतली एक बहीण म्हणाली, "बायबलात 'भिऊ नको' वर्षाच्या दिवसांइतक्या वेळा लिहिलंय, तरी तू भितेस?" हा आकडा व्यासपीठावरून फार फिरतो. मोजायला बसलं तर तेवढा भरत नाही. भरला असता तरी मी विचारलं असतं, इतक्यांदा सांगावं लागलं ते कुणाला? भिणाऱ्यांनाच ना?

मी ताईंना बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायाकडे नेलं, येशू क्रुसावर मेल्यानंतरच्या दिवसांकडे. तो त्यांना तोंडपाठ होता.

"शिष्य कुठे होते?"

"घरात. दारं लावून. यहुद्यांच्या भीतीनं."

"येशूनं आत आल्यावर दार का लावलं म्हणून विचारलं?"

"नाही गे..." मग जीभ चावून, "नाही मॅडम. तुम्हांस शांती असो म्हणाला."

"आणि आठ दिवसांनी?"

त्यांनी पुस्तक उघडून सव्विसावी ओवी वाचली. दारं तेव्हाही बंदच होती. मरणातून उठलेला प्रभू डोळ्यांनी पाहून झाल्यावरसुद्धा! ताई बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्या माझ्यासमोर रडल्या, आणि ते रडणं भीतीचं नव्हतं.

यानंतरचं काम साधं आणि कंटाळवाणं होतं. त्या संध्याकाळी धोका खरा होता. अंगाला तो संपल्याचं अजून कळलेलं नव्हतं. कडी पुन्हा तपासली की क्षणभर बरं वाटतं, पण त्यानं अंग हेच शिकतं की तपासलं म्हणून वाचलो. म्हणून ठरवलं, कडी एकदाच लावायची, मोठ्यानं 'लावली' म्हणायचं आणि पुन्हा उठायचं नाही. पहिल्या रात्री त्या उठल्या. चौथ्या रात्री नाही. मग दिवसाउजेडी दार उघडं ठेवून दहा मिनिटं सोप्यात बसणं. मग घरच्यांपुरती प्रार्थना. आवाज आला की श्वास सावकाश सोडायचा, आत घेण्यापेक्षा लांब.

तक्रार करायची की नाही यावर मात्र आमचा वाद झाला. "पोलिसात जाणं म्हणजे प्रभूवर भरवसा नसणं," हे त्यांचं म्हणणं. बायबलातला प्रेषित पौल दिमिष्कात (दमास्कसमध्ये) जीव वाचवायला टोपलीत बसून तटावरून उतरला, आणि यरुशलेमेत फटके बसायच्या वेळी आपण रोमी नागरिक असल्याचं त्यानं स्पष्ट सांगितलं, हे मी दाखवलं. आपल्याकडे धर्मस्वातंत्र्य देणारं संविधानाचं कलम 25 आहे. ओळखीच्या वकिलांनी समजावलं की आपल्या घरात आपल्या माणसांनी प्रार्थना करणं हा गुन्हा नाही. शेवटी चर्चच्या पाळकसाहेबांना घेऊन त्यांनी तारीख-वेळेसकट लेखी अर्ज दिला, पोच घेतली आणि तातडीच्या मदतीचा 112 नंबर भिंतीवर खडूनं लिहून ठेवला.

एक गाठ मला उशिरा दिसली. शेजारच्या काकींशी त्या बोलत नव्हत्या. गणपतीला मोदक आणून देणाऱ्या, नाताळात करंज्या नेणाऱ्या काकी. यांनीच खबर दिली असावी असा ताईंचा संशय होता, पुरावा काहीच नाही. भीती माणसं अशी तोडते. मी एवढंच सुचवलं की एकदा नुसतं चहा घ्यायला जा. त्या गेल्या. काकींनी विचारलं, "गुरुवारची पेटी का गे बंद केलीस? मी तिकडे भाकऱ्या थापत ऐकत असतो."

मोटरसायकल थांबली की ताई अजून दचकतात. सातव्या भेटीला त्या आल्याच नाहीत. दुपारी फोन आला, "मॅडम, आज गुरुवार हाय. पेटीवाला पाचला येतोय. शुक्रवारी येऊ काय?"