टर्मिनल प्रोग्राममध्ये ब्लॉकिंग रीड वापरावा की नॉन-ब्लॉकिंग?

तुमचा सी मधला गेम कळ दाबेपर्यंत रीडवर अडकून बसतो आणि नॉन-ब्लॉकिंग केला की सीपीयू शंभर टक्क्यांवर जातो, असं तुम्ही लिहिलंय. माझंही अगदी हेच झालं होतं. फक्त गेमच्या जागी वजनकाटा होता.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यासाठी सुताचे कोन तोलायचा छोटा प्रोग्राम लिहीत होतो. सिरियल केबलवरून वजन, कीबोर्डवरून लॉट नंबर. आधी साधा ब्लॉकिंग रीड ठेवला, तर कुणी नंबर टाकेपर्यंत पडद्यावरचं वजन हलेना. तोलणारे मामा म्हणाले, "काय हो, काटा झोपला की!" मग दोन्हीकडे ओ_नॉनब्लॉक (O_NONBLOCK, रीडला न थांबता परतायला लावणारा झेंडा म्हणजे फ्लॅग) लावून लूप फिरवला. वजन पळायला लागलं, पण मे महिन्यातलं सोलापूर आणि जुना लॅपटॉप. पंखा नुसता घोंगावत होता. रीड दर वेळी 'ईअगेन' (EAGAIN, म्हणजे 'आत्ता काही नाही, पुन्हा ये') घेऊन रिकाम्या हाताने परत येत होता आणि लूप त्याला लगेच पुन्हा पाठवत होता.

शेवटी पोल (poll) हा एकाच वेळी अनेक ठिकाणी लक्ष ठेवणारा कॉल वापरला. दोन्ही डिस्क्रिप्टर (केबल आणि कीबोर्ड यांचे उघडलेले क्रमांक) त्याला द्यायचे. कुठेच काही आलं नसेल तर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) प्रोग्रामला झोपवून ठेवतो. जिथे आलंय तिथेच रीड करायचा. गेमला पुढच्या फ्रेमपर्यंत जेवढे मिलिसेकंद उरलेत तेवढा टाइमआउट द्या. एवढ्यावर काम भागतं, ओ_नॉनब्लॉक लागतच नाही.

तो मी टाळतोच, कारण हा झेंडा उघडलेल्या टर्मिनललाच लागतो. स्टँडर्ड इनपुट आणि आउटपुट बहुतेक वेळा एकाच टर्मिनलच्या दोन प्रती असतात, त्यामुळे इनपुटला लावला की आउटपुटलाही लागतो. भराभर छापताना मधल्या ओळी गायब झाल्या तर आधी इथे बघा. माझा अख्खा रविवार यात गेला!

मूळ दुखणं वेगळंही असू शकतं. टर्मिनल कॅनॉनिकल मोडमध्ये, म्हणजे पूर्ण ओळ झाल्यावरच ती पुढे देण्याच्या पद्धतीत, असेल तर एंटर दाबेपर्यंत पोललाही काही दिसत नाही. टर्मिऑसमधून (termios, टर्मिनलची सेटिंग) आयकॅनॉन (ICANON, हाच मोड) आणि इको (ECHO, टाइप केलेलं दाखवणं) काढा, व्हीमिन (VMIN, किमान किती अक्षरं हवीत) 1 आणि व्हीटाइम (VTIME, किती थांबायचं) 0 ठेवा. फक्त कीबोर्डच वाचायचा असेल तर व्हीमिन 0, व्हीटाइम 1 केलं तरी चालेल; रीड जास्तीत जास्त सेकंदाचा दहावा भाग थांबून परततो.

बाहेर पडताना जुनी सेटिंग परत लावायला विसरू नका. विसरलात आणि टाइप केलेलं दिसेना, तर न बघताच 'stty sane' (एसटीटीवाय सेन) टाकून एंटर मारा.