गाडीला टेम्परेचरचा काटा नाही, ओबीडी डोंगल लावून इंजिनवर लक्ष ठेवता येईल का? आणि चालू गाडीत नक्की काय बघायचं?

हो, येतं. घ्या बिनधास्त. (ओबीडी म्हणजे गाडीची स्वतःची तपासणी यंत्रणा, आणि डोंगल म्हणजे तिच्या पोर्टमध्ये खोचून आकडे मोबाइलवर दाखवणारी छोटी डबी.)

तुम्ही लिहिलंय की २०१५ ची पेट्रोल गाडी आहे, सीएनजी किट बाहेरून बसवलंय, डॅशबोर्डवर काटा नाही, नुसता निळा आणि लाल दिवा आहे, आणि उन्हाळ्यात घाटातून कोकणात उतरताना-चढताना जीव टांगणीला लागतो, तर पाच-सातशेच्या डोंगलचा उपयोग होईल का आणि तो कायम लावून ठेवला तर काही बिघडेल का. माझी पण पेट्रोलच आहे, पुण्यात असते, काटा तिलाही नाही. मी मेकॅनिक नाही हे आधीच सांगतो, पण हा उद्योग बरीच वर्षं करतोय.

बहुतेक लोक डोंगल घेतात चेक इंजिनचा दिवा लागल्यावर. कोड (बिघाडाचा नंबर) वाचतात, गुगल करतात, कोड उडवतात, डोंगल ड्रॉवरमध्ये. माझ्या मते याचा खरा उपयोग गाडी ठणठणीत असताना आहे, म्हणजे आपल्या गाडीचे नॉर्मल आकडे काय आहेत हे आत्ताच माहीत करून घ्यायचं, कारण उद्या काही बिघडलं तर नेटवरचे आकडे नाही, तुमच्याच गाडीचे जुने आकडे कामाला येतात. प्रत्येक इंजिनचं थोडं थोडं वेगळं असतं.

तुमच्या गाडीत चालेलच. आपल्याकडे बीएस४ (प्रदूषणाच्या नियमांचा टप्पा) गाड्यांना २०१० पासून ओबीडी-१ आणि एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ सक्तीचं झालं, त्यामुळे २०१५ च्या गाडीत काही अडचण नाही. स्टेअरिंगखाली वाकून बघा, १६ पिनांचा पोर्ट असतो, कधी फ्यूजच्या झाकणामागे लपवलेला असतो.

डोंगलचं म्हणाल तर ईएलएम३२७ म्हणून जे मिळतं ते जवळजवळ सगळं नक्कल आहे. मूळ चिप कॅनडाच्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची, पहिल्या व्हर्जनला त्यांनी कॉपी प्रोटेक्शन लावलं नव्हतं, तिथून नकलांचा पूर आला, आणि ती कंपनी २०२२ मध्ये बंदसुद्धा झाली. डब्यावर बऱ्याचदा १.५ लिहिलेलं असतं, असं व्हर्जन मूळ कंपनीने कधी काढलेलंच नाही! पण गंमत अशी की १.५ वाले त्यातल्या त्यात बरे चालतात आणि २.१ लिहिलेले बरेचसे अर्धवट निघतात, काही कमांड त्यांना कळतच नाहीत. म्हणून परत करता येईल अशा ठिकाणाहूनच घ्या. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथवाला चालत नाही, वायफायवाला किंवा ब्लूटूथ ४.० वाला लागतो. अँड्रॉइडला कुठलाही चालतो, पेअर करताना १२३४ किंवा ०००० टाकायचं. अ‍ॅप टॉर्क किंवा कार स्कॅनर, दोन्हीचं फुकट व्हर्जन सुरुवातीला भरपूर झालं.

आता मुद्द्याचं. पहिली तपासणी गाडी स्टार्ट न करता. रात्रभर उभी असलेली गाडी, सकाळी नुसती चावी ऑन करा, आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) टेम्परेचर आणि इनटेक एअर (इंजिनमध्ये जाणारी हवा) टेम्परेचर हे दोन आकडे बघा. दोन्ही साधारण बाहेरच्या हवेइतके पाहिजेत, दोन-तीन डिग्री इकडेतिकडे. एक २२ आणि दुसरा ३५ म्हणत असेल तर दोघातला एक सेन्सर खोटं बोलतोय आणि मग घाटात तो काय दाखवतो त्याला अर्थ नाही. त्याच वेळी मॅप सेन्सर, म्हणजे मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनकडे हवा नेणाऱ्या नळीतला दाब) पण बघून घ्या, (काही गाड्यांत मॅपऐवजी मॅफ, म्हणजे हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर असतो, मग हे सोडून द्या). इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेचाच दाब दाखवतो, मुंबई-रत्नागिरीला १००-१०१ किलोपास्कल, पुण्यात ९४-९५, महाबळेश्वरला ८६-८७ च्या आसपास. हवामानाच्या अ‍ॅपमधला आकडा याच्याशी जुळणार नाही कारण ते समुद्रसपाटीला धरून सांगतात. स्टार्ट करून गरम झाल्यावर आयडलिंगला हाच आकडा ३०-४० पर्यंत खाली यायला पाहिजे, एसी लावला की थोडा वाढतो.

आता तुमची मुख्य काळजी, टेम्परेचर. गाडी नीट गरम झाली की बहुतेक पेट्रोल गाड्या ८५ ते १०० च्या मध्ये कुठेतरी राहतात. हायवेला ८८-९०, ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की हळूहळू चढत ९५-९८, मग फॅन लागतो, परत खाली. हा चढउताराचा खेळ बघून घाबरू नका, काट्यावर हे दिसतच नाही कारण काटा मुद्दाम असा बनवलेला असतो की बऱ्याच मोठ्या पट्ट्यात तो मध्येच चिकटून बसावा. तुमचा फॅन किती डिग्रीला लागतो आणि किती खाली आणून बंद होतो, हे दोन आकडे लिहून ठेवा, घाटासाठी एवढं पुरेसं आहे. ताम्हिणी किंवा वरंधा मे महिन्यात दुपारी, एसी लावून, दुसऱ्या गिअरमध्ये भरलेली गाडी चढवताना १०२-१०३ दिसलं आणि फॅन लागून थोडं खाली आलं तर सगळं ठीक चाललंय. फॅन चालू आहे तरी १०५ च्या वर जातंय आणि चढतच चाललंय, तर एसी बंद, पुढे जागा मिळाली की बाजूला. कूलंट प्रेशरखाली असतो आणि त्यात अर्धं रसायन असतं म्हणून तो १०० ला उकळत नाही, तुमच्या हातात थोडा वेळ असतो, पण तुमचा लाल दिवा लागायची वाट बघायची नाही, तो बऱ्याच गाड्यांत फार उशिरा लागतो. आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, हे सांगायला नको.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा जी फारसं कोणी सांगत नाही. पाइप फुटून कूलंट निघून गेला तर सेन्सर पाण्यात न राहता नुसत्या हवेत-वाफेत लटकतो, मग आकडा कमी पण दाखवू शकतो किंवा उड्या मारतो. त्यामुळे चढावर जोरात गाडी चाललीये आणि टेम्परेचर ९५ वरून अचानक ७० झालं तर आनंद मानू नका, थांबून बॉनेट उघडा. हे डोंगल कूलंटची पातळी सांगत नाही, ऑइलचं प्रेशर पण सांगत नाही. बाटलीतली पातळी सकाळी डोळ्यांनीच बघायची.

उलटी केस पण असते. हायवेला ६५-७० च्या वर जातच नाही, थांबल्यावरच गरम होते, म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावरच कूलंटला रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय किंवा कोणीतरी काढूनच टाकलाय! आपल्याकडे जुने फिटर "गाडी गरम होते ना, मग थर्मोस्टॅट काढून टाकू" म्हणतात आणि लोकांना बरं वाटतं. पण मग ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं इंजिन अजून थंडच आहे, तो पेट्रोल जास्त मारत राहतो, अ‍ॅव्हरेज पडतं, आणि कधीतरी पी०१२८ कोड येतो.

बॅटरीचं व्होल्टेज पटकन सांगतो. बंद असताना १२.४ ते १२.६, चालू असताना १३.८ ते १४.५. चालू गाडीत सगळं लावून १३ च्या खाली रेंगाळत असेल तर अल्टरनेटर दाखवून घ्या. (नवीन गाड्यांत स्मार्ट अल्टरनेटर असतो, तिथे खालीवर होणं नॉर्मल आहे, तुम्ही म्हणता त्या वर्षाच्या गाडीत बहुधा नसेल.)

आता सगळ्यात कामाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित आकडा, फ्यूएल ट्रिम. ईसीयूकडे ठरलेला हिशेब असतो की एवढी हवा आली तर एवढं पेट्रोल मारायचं. मग सायलेन्सरच्या बाजूचा ऑक्सिजन सेन्सर त्याला सांगतो की मिश्रण पातळ झालं की घट्ट, आणि त्यावरून तो टक्केवारीत दुरुस्ती करतो. शॉर्ट टर्म ट्रिम म्हणजे या क्षणाची दुरुस्ती, लाँग टर्म म्हणजे शिकून लक्षात ठेवलेली. दोन्हीची बेरीज करायची. अधिक ५ ते उणे ५ मध्ये असेल तर छान, १० च्या पलीकडे गेली तर काहीतरी शिजतंय. थंड इंजिनवर आणि पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर हे आकडे बघू नका, तेव्हा ईसीयू सेन्सरचं ऐकतच नसतो, अ‍ॅपमध्ये क्लोज्ड लूप (म्हणजे सेन्सरचं ऐकणं सुरू) दिसायला लागलं की बघा.

आमच्या सोसायटीत एकाला पी०१७१ आला, म्हणजे मिश्रण पातळ आहे. गॅरेजने सांगितलं ऑक्सिजन सेन्सर गेला, काही हजारांचं एस्टिमेट. आम्ही ट्रिम बघितली तर आयडलिंगला अधिक २० च्या आसपास आणि रेस धरून २५०० आरपीएमला नेलं की ३-४. सेन्सर मेला असता तर असा फरक पडला नसता. आयडलिंगला जास्त आणि रेसला नॉर्मल म्हणजे कुठून तरी चोरून हवा आत जातेय, कारण थ्रॉटल बंद असताना ती थोडीशी हवा पण एकूण हवेच्या मानाने खूप असते, रेस दिली की तिचा हिस्सा नगण्य होतो. व्हॅक्यूमचा एक रबरी पाइप टोकाला चिरला होता, टोक कापून परत बसवला, झालं. याच्या उलट, आयडलिंगला बरं आणि लोडवर अधिक वाढत जात असेल तर पेट्रोल कमी पडतंय, फिल्टर, पंप, इंजेक्टर तिकडे बघायचं. उणे बाजूला जात असेल तर पेट्रोल जास्त पडतंय.

तुमच्याकडे सीएनजी आहे म्हणून हे जास्तच लागू. बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल किट पेट्रोलच्या ईसीयूच्याच हिशेबावर चालतं, त्याने इंजेक्टर किती वेळ उघडायला सांगितला ते बघून त्या प्रमाणात गॅस सोडतं. किटचं ट्यूनिंग नीट नसेल तर गॅसवर ट्रिम भलतीकडे जाते, ईसीयू ते शिकून बसतो, आणि मग पेट्रोलवर टाकली की गाडी झटके मारते, लोक म्हणतात पेट्रोल भेसळीचं होतं. करायचं एवढंच की गरम गाडी आधी पेट्रोलवर त्याच रस्त्याने चालवून ट्रिम बघा, मग गॅसवर. दोन्हीत ८-१० टक्क्यांपेक्षा जास्त अंतर असेल तर किटवाल्याकडे लॅपटॉप लावून मॅपिंग करून घ्या, आणि त्याला हे आकडे दाखवा, नाहीतर तो एअर फिल्टर झटकून परत पाठवतो.

हल्ली पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याचाही परिणाम इथे दिसतो. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो त्यामुळे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं, ई१० वरून ई२० वर गेलात की हिशेबाने ४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे जुन्या गाडीत लाँग टर्म तेवढी अधिककडे सरकली तर घाबरून जायचं कारण नाही, ईसीयू त्याचं काम करतोय. अ‍ॅपमधलं अ‍ॅव्हरेज मात्र तेव्हापासून थोडं खोटं समजा, बरीच अ‍ॅप अजून शुद्ध पेट्रोलच्या १४.७ च्या (एका भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा) प्रमाणाने हिशेब करतात. सीएनजीवर तर ते बघूच नका.

एका वेळी चार-पाचच आकडे लावा. सगळे लावले तर प्रत्येकाला आळीपाळीने विचारावं लागतं आणि स्वस्त डोंगलला ते झेपत नाही, आकडा चार सेकंद जुना दिसतो. घाटात मी स्क्रीनवर फक्त टेम्परेचर मोठ्या अक्षरात ठेवतो आणि १०३ ला अलार्म, बाकी सगळं लॉगिंगला टाकतो आणि घरी येऊन ग्राफ बघतो. गाडी चालवताना ट्रिम बघत बसायची वस्तू नाही.

कोड आला तर उडवायच्या आधी फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट काढा. दिवा लागला त्या क्षणी आरपीएम किती, स्पीड किती, टेम्परेचर किती हे त्यात साठवलेलं असतं आणि कोड उडवला की तेही जातं, शिकलेली ट्रिमही बऱ्याच गाड्यांत जाते. कोडिंग, रिमॅपिंग वगैरे पर्याय दिसले तर पाच-सातशेच्या डोंगलवर हातच लावू नका, वाचण्यापुरतं ठेवा. एअरबॅग-एबीएसचे कोड साध्या अ‍ॅपला बहुतेक दिसत नाहीत, त्यासाठी कंपनीचा स्कॅनर लागतो.

कायम लावून ठेवू नका. पोर्टच्या १६ नंबरच्या पिनला बॅटरीचा करंट चावी बंद असतानाही येतो, साधा डोंगल साधारण ५० मिलिअँपिअर खातो, म्हणजे दिवसाला सव्वा अँपिअर-तास. छोट्या गाडीची बॅटरी ३५ ची, दोन आठवडे उभी राहिली तर निम्मी संपली, आणि बॅटरी जुनी असेल तर स्टार्टच होणार नाही. शिवाय वायफायवाल्याला बहुतेक पासवर्ड नसतो, बाजूला उभा असलेला कोणीही जोडू शकतो. लावायचाच असेल तर बटणवाला घ्या. आणि घ्यायच्या आधी पोर्ट कुठे आहे ते बसून बघा, काही गाड्यांत तो क्लचच्या पायाच्या बरोबर वर येतो, तिथे लांब डोंगल गुडघ्याला लागून पिना वाकतात, मग चपटा तरी घ्या नाहीतर फूटभर एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल बाजूला बांधून टाका.