आधी झोप विचारा, गोळ्या नंतर

मानसिक आजार असलेल्यांच्या घरी भेटी द्यायचं काम नव्याने सुरू करताय म्हणून सांगते, घरात शिरल्या शिरल्या गोळ्यांची पाकिटं मोजायला बसू नका. झडती घेतली जातेय असं वाटलं, की पुढच्या वेळी दार उघडत नाही. आधी झोपेचं विचारा. स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा आजार) असो की बायपोलर (मन टोकाच्या उत्साहात आणि उदासीत हेलकावणारा आजार), आजार उलटायच्या आधी झोप बऱ्याचदा उडालेली असते.

गोळ्या बंद केल्या असतील तर रागावू नका, कारण विचारा. अंग आखडतं, एका जागी बसवत नाही, वजन वाढतं. हे त्रास खरे असतात, आणि डॉक्टर डोस किंवा औषध बदलू शकतात. लिथियम हे बायपोलरवरचं औषध घेणाऱ्या माणसाला जुलाब-उलट्या झाल्या, हात जास्त थरथरू लागले, तोल जाऊ लागला, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. रक्तात लिथियम वाढून विषबाधा झालेली असू शकते. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध चालू असताना ताप किंवा घसादुखी आली तर रक्ततपासणी लांबवू नका.

भ्रमावर, म्हणजे रुग्णाला पक्क्या खऱ्या वाटणाऱ्या चुकीच्या समजुतीवर, वाद नको. मरणाचे विचार येतात का, हे मात्र थेट विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत.

कुणाला बांधून ठेवलेलं दिसलं तर लगेच वरिष्ठांना कळवा, पण घरच्यांना गुन्हेगार ठरवू नका. बहुतेकदा ती माणसं थकलेली आणि घाबरलेली असतात, आणि उपचार त्यांच्यापर्यंत पोचलेलेच नसतात.