नंबर कुणाचा? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अनोळखी नंबर गुगलवर टाकला की ‘लाइव्ह लोकेशन दाखवतो’ म्हणणाऱ्या साइट्सच वर येतात. नेमकं कसं शोधायचं? (एक वाचक, सातारा)

नंबर दुहेरी अवतरणचिन्हांत टाका, तोही तीन तऱ्हांनी : सलग दहा आकडे, पाच-पाच तोडून आणि आधी +९१ लावून. दुकान, दवाखाना, कुरिअरची शाखा यांचे नंबर कुठेतरी छापलेले असतात, म्हणून सापडतात. खासगी माणसाचा बहुधा सापडत नाही, आणि तेच बरं.

लोकेशनवाल्या साइट्स मात्र सोडा. नंबराच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून तो मुळात कोणत्या कंपनीला, कोणत्या सर्कलमध्ये (म्हणजे टेलिकॉम विभागात) दिला होता एवढंच त्या सांगतात. २०१५ पासून नंबर देशभर पोर्ट करता येतो, म्हणजे तोच नंबर ठेवून कंपनी किंवा सर्कल बदलता येतं, त्यामुळे ‘महाराष्ट्र’ दिसलं तरी माणूस पाटण्यात असू शकतो. (महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवाही येतो, मुंबईचं सर्कल वेगळं.) खरं ठिकाण टेलिकॉम कंपनीकडून पोलिसांनाच रीतसर मिळतं.

प्रश्न : ट्रूकॉलर या फोन करणाऱ्याचं नाव दाखवणाऱ्या अॅपवर बँकेचं नाव दिसलं. खरं मानावं का? (एक वाचक, नाशिक रोड)

नाही. तिथलं नाव एक तर त्या माणसाने स्वतः लिहिलेलं असतं, किंवा इतरांनी त्याला ज्या नावाने सेव्ह केलं त्यावरून आलेलं असतं. म्हणून सज्जन माणूस ‘गॅसवाला’ म्हणून झळकतो आणि भामटा ‘बँक केवायसी’ म्हणून. त्यात बंद झालेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते, नाव मात्र जुन्याचंच राहतं. व्हॉट्सअॅपच्या प्रोफाइलवर लावलेल्या पोलिसी फोटोलाही एवढीच किंमत.

यूपीआय अॅपमध्ये नंबर टाकला, तर तो खात्याला जोडलेला असल्यास बँकेच्या नोंदीतलं नाव दिसतं. ते वाचून मागे या, एक रुपयाही पाठवू नका. हे नाव ट्रूकॉलरपेक्षा भरवशाचं, पण खातंच भाड्याने घेतलेलं असेल तर तेही फसवं.

नंबराची सुरुवातही बघा. १४० म्हणजे जाहिरात. बँका आणि विमा कंपन्यांच्या सेवाविषयक कॉलसाठी १६०० ही मालिका राखून ठेवली आहे. साध्या मोबाइल नंबरावरून कोणी ‘तुमचं खातं बंद होतंय’ म्हणालं, तर फोन ठेवा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर स्वतः फोन लावा. गुगलवर ‘कस्टमर केअर’ शोधून नको. तिथे भामट्यांनी आपले नंबर पेरलेले असतात. शिवाय परदेशातून केलेल्या कॉलवर भारतीय नंबर दाखवण्याची युक्ती जुनीच आहे. तसं झालं तर तो नंबर कितीही शोधा, तो भलत्याच माणसाचा निघतो.

प्रश्न : तक्रार कुठे करायची? (एक वाचक, कोल्हापूर)

संशयास्पद कॉल, एसएमएस किंवा व्हॉट्सअॅप असेल तर केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर किंवा अॅपवर ‘चक्षू’ विभागात, ३० दिवसांच्या आत. स्क्रीनशॉट जवळ ठेवा. नुसती जाहिरातबाजी असेल तर १९०९ वर, सात दिवसांच्या आत. पैसे गेले असतील तर यातलं काहीच नको : ताबडतोब १९३० ही सायबर गुन्ह्यांची हेल्पलाइन लावा. यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, हाताशी ठेवा, तो विचारला जातो.

प्रश्न : माझं नाव ट्रूकॉलरवरून काढायचं आहे. (एक वाचक, पणजी)

आधी अॅपमधून खातं बंद करा, मग त्यांच्या साइटवरच्या ‘अनलिस्ट’ पानावर +९१ सह नंबर द्या. नुसतं अॅप उडवलं तर नाव तसंच राहतं.